बायकांच्या बाजूचा शिक्का

संडासाला नमस्कार करणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. दारात उभी राहायची, बादली एका हाताला, पोछा दुसऱ्या हाताला, आणि कमरेतून वाकायची. आत कोणी नसलं तरी वाकायची. मग म्हणायची, "शित्सुरेई शिमास्." म्हणजे, माफ करा, आत येते.

मी एकदा विचारलं, "आत तर कोणी नाही. सांगतेस कोणाला?"

"जिचं घर आहे तिला."

तिच्या आजीनं तिला सांगितलेलं, की संडासात एक देवी राहते. सगळे देव घरात राहायला आले तेव्हा पुढं आलेल्यांनी चांगल्या जागा धरल्या. कोणी चुलीपाशी, कोणी विहिरीपाशी. ही सगळ्यात शेवटी पोचली, तर संडासच उरलेला. "पण ती रडत बसली नाही," ही मला सांगायची, "पदर खोचला आणि घासायला लागली." आता तिकडच्या देवीला कुठला पदर? पण तिनं हातानं असं काही खोचून दाखवलं, की मला पदरच दिसला.

मी तिला ताई म्हणायचे. ती मला इंदो-सान म्हणायची, म्हणजे इंडियावाल्या बाई. माझं नाव तिच्या तोंडात बसेना. दोन दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

माझं म्हणाल तर मी सातारच्या बाजूची. शाळा दुसरीपर्यंत. नवरा मुंबईला हॉटेलात तंदूरवर होता, तिथून एका मालकानं त्याला जपानला आणलं, टोकियोतल्या निशी-कसाईत. मागनं मी आणि पोरगी आलो. सात वर्षांनी तो गेला. तंदूरसमोर उभा होता, खाली बसला, तो उठलाच नाही. पोरगी बारा वर्षांची. परत जाऊन करणार काय? तिकडं कोणी माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं नव्हतं. कागदांची पळापळ झाली ती झाली. हॉटेलची मालकीण चांगली, तिनं मला एका सफाईच्या कंपनीत नेऊन उभं केलं. कंपनीनं नदीपलीकडच्या एका वॉर्डात पाठवलं. तिथं लोकांसाठी बांधलेलं मोठं सभागृह आहे. चार मजले. कुठं नाचाचा क्लास, कुठं म्हाताऱ्यांचं टेबल टेनिस, कुठं पोरांचं वाचनालय. आणि प्रत्येक मजल्यावर बायकांचे, पुरुषांचे संडास. ताई तिथली लीडर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी.

पहिल्याच दिवशी मी वेडेपणा केला. तिनं मला पुरुषांच्या बाजूला पाठवलं. मी बादली घेऊन बाहेरच उभी. म्हटलं, आतले बाहेर पडले की जाऊ. एक बाहेर यायचा, दोन आत जायचे. पाऊण तास मी तिथं खांबासारखी. ताई आली, बघितलं, आणि खदाखदा हसली. आवाज असा जाड, की वाचनालयातली पोरं बघायला आली. तिनं माझा दंड धरला, आवाज दिला, "शित्सुरेई शिमास्!" आणि गेली की आत मला घेऊन! पुरुष भिंतीला तोंड करून उभे. एकानंही मान वळवली नाही. मी पदरात तोंड घालायला गेले तर अंगावर कंपनीचा शर्ट.

"त्यांना लाज नाही वाटत," ती म्हणाली, "तुला कशाला वाटते?"

जपानमध्ये हे असंच आहे. सफाईवाली म्हातारी पुरुषांच्या संडासात फिरते, लोक आपलं काम करतात, ती तिचं करते. तिथल्या तिथं एका साहेबाला तिनं सुनावलं, "साहेब, एक पाऊल पुढं. स्वतःबद्दल गैरसमज नको." साहेब मुकाट्यानं पुढं सरकला.

अशी ती. सहा फुटाला एखादं बोट कमी. हात माझ्या नवऱ्यापेक्षा मोठे. ओठाला लाल लिपस्टिक, रोज, ताप असला तरी. खिशात एक छोटा आरसा, पण तो तोंड बघायला नाही. भांड्याच्या कडेखाली धरून बघायची, आतनं पिवळं राहिलंय का. वॉशबेसिनपाशी औषधाच्या बाटलीत एक फूल. एकच. दोन ठेवली तर ओरडायची, "लग्न आहे का इथं?"

आणि भांड्यांना नावं. तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं ते म्हातारा, कारण पाणी ओढताना खोकायचं. दुसऱ्या मजल्यावरची नवरी, नवी बसवलेली. एक होतं त्याचं नाव रडका, सारखं गळायचं. प्लंबर आला की ती त्याला सांगायची, "रडक्याला जरा हळू हात लाव." प्लंबरही हळू लावायचा.

तिचं एक बोलणं होतं. माझ्या डोक्यात ते असं बसलंय, की देवाचं नाव घेतल्यासारखं येतं. "घाण कोणाची ते बघायचं नाही. घाण कुठं आहे ते बघायचं."

दाराच्या मागं एक कागद लावलेला असतो. त्यावर तासांचे रकाने. सफाई झाली की ज्यानं केली त्यानं त्या रकान्यात आपल्या नावाचा शिक्का मारायचा. तिकडं सहीपेक्षा शिक्क्याला मान. ताईचा शिक्का लाकडी, करंगळीएवढा. आधी त्यावर फुंकर मारायची, मग कागदावर टेकवायची, आणि दाबून मनात तीन मोजायची. कधी पुसट नाही, कधी तिरका नाही. "हे माझं नाव आहे," म्हणायची, "तिरकं कसं चालेल?" त्याच कागदावर बोट ठेवून तिनं मला त्यांची साधी अक्षरं शिकवली. मास्तरानं मला दोन वर्षांत जेवढं शिकवलं नाही, तेवढं हिनं संडासाच्या दारामागं शिकवलं.

ताई म्हणजे काय, ते तिनं पहिल्या वर्षीच विचारलं होतं. म्हटलं, मोठी बहीण. ती पोछा पिळत होती, ती पिळतच राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. मला कळेना काय चुकलं. मग कधीतरी जिन्यावर डबा खाताना तिनं सांगितलं. एक धाकटा भाऊ आहे, तो अजून दादाच म्हणतो. "सरकारी कागदावर मी पुरुष आहे, इंदो-सान. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "माझा जन्म कागदावर एक जूनचा आहे."

"मग?"

"मग काय. माझ्या वर्गातल्या सगळ्यांचाच एक जूनचा आहे. मास्तरानं बसल्या जागी लिहून टाकला. आई म्हणायची, ज्वारी काढत होतो तेव्हा झालीस. जूनमध्ये कुठं ज्वारी काढतात? कागदाचं काय घेऊन बसलीस."

ती हसली. डब्यातला भाताचा गोळा अर्धा करून मला दिला. आमचं त्या विषयावर बोलणं झालं ते एवढंच. पुढं किती वर्षं कामच केलं.

खोटं नाही बोलणार. मुंबईत आमच्या चाळीत बाळ झालं की टाळ्या वाजवत येणाऱ्या यायच्या. आम्ही बाळ त्यांच्या हातात द्यायचो, आशीर्वाद घ्यायचो. त्यांच्यातल्या एकीनं मला एकदा विचारलेलं, बाई, संडास कुठं आहे हो? मी दार लावून घेतलं. ते दार मला अजून दिसतं.

मग तो नियम आला. निवडणूक होती. एक नगरसेवक गाडीवर भोंगा लावून फिरायचा, हातात पांढरे मोजे, सारखा हात हलवायचा. बायकांचं रक्षण, बायकांचं रक्षण. आमच्या सभागृहासमोर गाडी उभी करून बोलायचा. निवडून आला आणि वॉर्डाच्या सभेत त्यानं नियम करून घेतला. वॉर्डाच्या इमारतींत ज्याच्या कागदावर जे लिहिलंय त्यानं त्याच बाजूच्या संडासात जायचं.

आता कागद काय कोणी गळ्यात बांधून फिरतं? मग बघणार कोण? तर म्हणे सफाईवाल्या बघतील. दारामागच्या कागदावर नवा रकाना आला. कोणी संशय यावा असं आत गेलं का, किती वाजता, दिसायला कसं होतं. ते कागद वाटायचं काम लीडरचं. ताईनंच आणून आमच्या हातात दिले. कोपरे जुळवून दिले.

आमचा मॅनेजर पोरगेला, वाईट नव्हता, भित्रा होता. तो तिला म्हणाला, "तुम्ही आता पुरुषांची बाजूच करा. बायकांच्या बाजूला इंदो-सान जातील."

ताई म्हणाली, "बरं. आणि मला स्वतःला लागली तर?"

तो बुटांकडं बघायला लागला. "चौथ्या मजल्यावर व्हीलचेअरवाल्यांचा आहे ना."

"तो व्हीलचेअरवाल्यांचा आहे," ती म्हणाली, "मला चाकं नाहीत."

हट्टी. मी सांगून बघितलं, अगं जा तिथं, कोण बघतंय. तर म्हणाली, एक मुलगा येतो खुर्चीवरनं, त्याला थांबता येत नाही, मी आत असले आणि तो आला तर? एकदा ती कागदाप्रमाणं पुरुषांच्या बाजूला गेली. नेहमी पोछा घेऊन जायची तेव्हा कोणाला काही नव्हतं. त्या दिवशी हातात पोछा नव्हता. दोन माणसं चेन ओढत बाहेर आली आणि ऑफिसात तक्रार, की आत बाई शिरली.

आणि नियमाची गंमत बघा. टेबल टेनिस खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत एक आजी होती, सत्तरी उलटलेली. आजारपणात केस गेले, ते आता कुठं बोटभर आलेले. तिला नाचाच्या क्लासच्या दोघींनी बायकांच्या संडासाच्या दारात अडवलं. तुम्ही नक्की कोण? आजी बॅट घेऊनच ऑफिसात शिरली. "चार पोरं काढलीत या पोटातनं! त्यांना बोलावू का साक्षीला?" त्या दिवसापासनं ती चवताळली ती चवताळलीच. घरोघर जाऊन सह्या गोळा करायला लागली.

नियमाचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. नियम अजून आहे म्हणतात, पुस्तकात. दारामागचा रकाना मात्र गेला, दारांवर नियमाच्या पाट्या लावल्या होत्या त्याही गेल्या. नगरसेवक पुन्हा निवडून आला, पण आता भोंग्यावर रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलतो. संडासाचं नाव काढत नाही. ताई रिटायर होऊन समुद्राकाठी तिच्या गावी गेली. दर वर्षी थंडी सुरू झाली की पर्सिमॉन फळांची पेटी येते, आत चिठ्ठी. चिठ्ठीत तब्येतीचं काही नसतं. "म्हातारा खोकतो का अजून?" एवढंच असतं. म्हातारा कधीच काढून टाकला. मी तिला कळवते, खोकतो.

पण मला सांगायचंय ते त्या सभेचं.

नियम झाल्यावर पहिला उन्हाळा. टोकियोचा उन्हाळा म्हणजे ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखा. माझ्या लक्षात आलं, ताईची पाण्याची बाटली सकाळी भरलेली असते ती संध्याकाळी तशीच असते. डबाही खात नाही. ओठ लिपस्टिकच्या खाली फुटलेले. जिना चढताना कठडा धरते.

दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला एका दिवसात कळलं. कारण आमच्या गावी बायका हेच करायच्या. पहाटे अंधारात टमरेल घेऊन जायचं, नाहीतर मग दिवस बुडाल्यावर. मधे लागली तर दाबून ठेवायची. म्हणून मग पाणीच प्यायचं नाही. माझी आई उन्हात खुरपताना पाणी तोंडात घ्यायची, खुळखुळवायची आणि थुंकून द्यायची. तिचं पोट कायम दुखायचं. मी म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून या चकचकीत देशात आले, जिथं संडासाची बैठकसुद्धा गरम असते, आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर एक बाई माझ्या आईसारखी तहान गिळत बसलीय.

"पाणी पी," मी म्हटलं.

"तहान नाही."

"मला शिकवतेस?"

ती आरसा काढून रडक्याच्या कडेखाली बघत बसली.

एक दिवस जिन्यात बसली ती दहा मिनिटं उठली नाही. डॉक्टरनं सांगितलं, लघवीच्या जागी सूज, परत झाली तर मूत्रपिंडावर जाईल. दोन दिवसांनी परत कामावर हजर. बाटली तशीच भरलेली.

त्या नव्या रकान्यात मी काय करायचे ते सांगते. दर तासाला मी त्यात एकच लिहायचे, तिनंच शिकवलेल्या अक्षरांत. "किरेई देस्." स्वच्छ आहे. जवळजवळ पाच महिने. शेवटी मॅनेजरनं बोलावलं.

"इंदो-सान, इथं माणसांबद्दल लिहायचंय."

"मी घाण बघते. घाण नव्हती. तसं लिहिलं."

तो मान खाजवत बसला. मग हळूच म्हणाला, पुढच्या आठवड्यात सभा आहे. नगरसेवक येणार, सभागृह वापरणारे लोक येणार. त्यांना वाटतं एखाद्या सफाईवाल्या बाईनं दोन शब्द बोलावेत. "फार काही नाही. 'कोवाई देस्' म्हणायचं. भीती वाटते. बस्स. तुम्ही वयानं मोठ्या, परदेशी, तुमचं लोक ऐकतील." आणि जाता जाता म्हणाला, "तुमचं काँट्रॅक्ट मार्चला संपतं ना? बघू आपण."

घरी लेकीला सांगितलं. ती इथंच वाढली, चिडली की जपानीत बोलते. खूप वेळ जपानीत बोलली. मग मराठीत आली. "आई, तू मधे पडू नकोस. तुला या वयात दुसरं काम कोण देणार?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय. भाजी वाढ."

सभा दुपारची. पन्नास-साठ माणसं. नगरसेवक पुढं, आज हातात मोजे नव्हते. ताई पाठीमागं भिंतीशी, युनिफॉर्ममध्ये, कारण तीनची सफाई राहिली होती. मला माइक दिला. माझं जपानी मोडकं, जसं आलं तसं बोलले.

"मी इथं एकोणीस वर्षं काम करते. रोज सहा वेळा पुरुषांच्या संडासात जात आले. कोणी मला कधी कागद विचारला नाही. कागदावर माझा जन्मसुद्धा चुकीचा आहे."

थोडे हसले. नगरसेवकही हसला.

"मला सांगितलंय, कोवाई देस् म्हण. म्हणते. कोवाई देस्. मला भीती वाटते." मॅनेजरनं श्वास सोडला. मी भिंतीकडं बोट केलं. "ती बाई सकाळपासून पाणी पीत नाही. पाच महिने झाले. आमच्या गावात माझी आई असंच करायची. तिला उघड्यावर जावं लागायचं म्हणून. इथं चार मजले संडास आहेत, ते सगळे हिनं घासलेत, आणि हिला जायला एक नाही. ही मरेल. मला त्याची भीती वाटते. दुसऱ्या कशाची नाही."

माइक परत द्यायचा कुणाला ते कळेना, म्हणून खुर्चीवर ठेवला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नगरसेवक कागद चाळत म्हणाला, या एका व्यक्तीचा हा प्रश्न नाही. पण तेवढ्यात बोटभर केसांची आजी उठली. तिच्या पिशवीत थर्मास होता, टेबल टेनिसवाल्यांचा बार्लीचा चहा, थंडगार. टोपणात ओतला आणि तरातरा मागं गेली. दोन हातांनी ताईपुढं धरला.

"प्या."

ताईनं टोपणाकडं बघितलं. सगळं सभागृह टोपणाकडं बघत होतं. तिला कळत होतं, प्यायलं की काय होणार. आम्हालाही कळत होतं. तिनं घेतलं आणि एका दमात रिकामं केलं. आजीनं दुसरं ओतलं. तेही. तिसरं. मला वाटलं ही बाई आता थर्मासच संपवते, आणि तिनं संपवला.

मग दहा-पंधरा मिनिटं सभा चालू होती म्हणतात. मला आठवत नाही कोण काय बोललं. मी ताईकडंच बघत होते. ती ताठ उभी. आणि मग निघाली. मी निघाले. आजी निघाली. मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. टेबल टेनिसच्या सगळ्या बायका, वाचनालयातली बाई, आणि ज्या दोघींनी आजीला अडवलं होतं त्यांच्यातली एक, खाली मान घालून. बायकांच्या संडासासमोर ही रांग. कोणी घोषणा दिली नाही. बायका संडासाच्या रांगेत उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या.

ताई दारापाशी थांबली. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या, मॅनेजरही जिन्याजवळून बघत होता. तिनं पाय जुळवले, कमरेतून वाकली.

"शित्सुरेई शिमास्."

आणि आत गेली.

बाहेर आली ती हात धुवून, लिपस्टिक नीट करून. मला वाटलं आता ही रडणार, किंवा माझ्या गळ्यात पडणार. मी तयारीत होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "इंदो-सान, आरशाचा खालचा कोपरा. पाच महिने तू काय पुसत होतीस?"

मी म्हटलं, "मला दिसत नाही खालचं. तुझ्यासारखी ताडमाड नाही मी."

"खालचं आहे. बुटक्यांनाच दिसायला पाहिजे."

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं, तो कोपरा पुसला, बाटलीतलं फूल सरळ केलं. मग दारामागच्या कागदापाशी गेली. तीनचा रकाना रिकामा होता. पाच महिने त्या बाजूच्या कागदावर फक्त माझे शिक्के होते, पुसट, तिरके. मॅनेजर दोन पावलं पुढं आला, आणि आपल्या बुटांकडं बघायला लागला.

ताईनं खिशातून शिक्का काढला. फुंकर मारली. कागदावर टेकवला. मी तिच्याबरोबर मनात तीन मोजले.

लाल. सरळ.